सिस्टरला हाफ-लाइफ कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

हाफ-लाइफ (शरीरातील औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ) आणि स्टेडी स्टेट (नियमित डोस देत राहिल्यावर स्थिरावलेली औषधाची पातळी) या विषयावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिली, त्याबद्दल आभार. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय आधी देते. तुमच्या मते लेख सोपा करण्याच्या नादात उथळ झाला आहे. पाच हाफ-लाइफमध्ये औषध शरीराबाहेर जाते हा नियम फेनिटोईन या फिट्सवरच्या औषधाला लागू पडत नाही, याचा त्यात उल्लेख नाही. लोडिंग डोसचा, म्हणजे सुरुवातीला एकदम द्यायच्या मोठ्या डोसचा, भाग दोन ओळींत उरकला आहे. आलेखाच्या अक्षांना नावे नाहीत. आणि शेवटी तुम्ही लिहिले आहे : "मुळात नर्सिंगच्या मुलींना हे गणित कशाला? डोस डॉक्टर ठरवतात, सिस्टरने तो वेळेवर द्यावा, एवढे पुरे."

आलेखाबद्दलची तुमची सूचना रास्त आहे. आडव्या अक्षावर तास आणि उभ्या अक्षावर रक्तातील औषधाची पातळी असे आता लिहिले आहे.

बाकीच्या मुद्द्यांकडे जाण्यापूर्वी प्रतिक्रियेच्या सुराबद्दल बोलणे मला भाग आहे. लेखात काही उणे असेल तर ते दाखवावे, प्रतिक्रियांची जागा त्यासाठीच खुली ठेवली आहे. परंतु 'उथळ', 'नादात', 'उरकला' असे शब्द एकामागून एक वापरून, आणि आपण एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे शिकवले याची दोनदा आठवण करून देऊन तुम्ही जे साधू पाहिले, ते एखादे वाक्य दुरुस्त करून दाखवले असते तर अधिक चांगले साधले असते. हा मजकूर जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगच्या, औषधशास्त्र पहिल्यांदाच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे, असे लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात म्हटले आहे. तो परिच्छेद तुम्ही वाचला असेल, तर उथळपणाचा आरोप कोणत्या मापाने केला हे मला समजलेले नाही. आणि तो न वाचताच प्रतिक्रिया लिहिली असेल, तर हा आरोप माझ्यावर करण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

फेनिटोईनचे उत्तर थोडक्यात देते. या औषधाचे विघटन करणारी यकृतातील एन्झाइम्स उपचाराला लागणाऱ्या पातळीतच पुरी पडेनाशी होतात, त्यामुळे दर तासाला शरीरातील औषधाचा ठरावीक हिस्सा नव्हे, तर जवळपास ठरावीक मात्राच बाहेर पडते, आणि रोजचा डोस 300 वरून 400 मिलिग्रॅम केला तर रक्तातील पातळी एक तृतीयांशाने न वाढता दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते. हे मला ठाऊक आहे, सर. पण नियम हाती येण्याआधी अपवाद सांगितला तर विद्यार्थ्याला दोन्ही कळत नाहीत, असा माझा वर्गातला अनुभव आहे. नेहमीच्या डोसमध्ये बहुतेक औषधे नियमानेच चालतात : एका हाफ-लाइफनंतर 50 टक्के औषध उरते, दुसऱ्यानंतर 25, तिसऱ्यानंतर 12.5, चौथ्यानंतर 6.25 आणि पाचव्यानंतर सुमारे 3 टक्के. एवढे पक्के झाले की फेनिटोईन स्वतंत्र लेखात येईल. हा मुद्दा मी इथेच सोडते.

तुमचे शेवटचे वाक्य मात्र मी सोडू शकत नाही.

डोस डॉक्टर ठरवतात, असे तुम्ही म्हणता. उपकेंद्रात हे अक्षरशः खरे नाही. एक्लॅम्पसियाचे (गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबासोबत येणारे) झटके आलेल्या स्त्रीला मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी ते झटके आवरणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस एएनएमने (उपकेंद्रातल्या परिचारिकेने) स्वतः द्यावा, अशी तरतूद केंद्र शासनाच्या सुरक्षित प्रसूतीच्या मार्गदर्शक सूचनांत आहे : 50 टक्के द्रावणातून प्रत्येक नितंबात खोलवर 5 ग्रॅम, म्हणजे एकूण 10 ग्रॅम. एका अँप्युलमध्ये 2 मिली, म्हणजे 1 ग्रॅम औषध असते. दहा अँप्युल्स फोडून ते औषध भरणाऱ्या त्या बाईच्या शेजारी डॉक्टर उभा नसतो. एवढे औषध एकदम का द्यायचे, ते थोडे थोडे देत गेले तर काय होईल, हे तिला समजलेले नसेल, तर भीतीपोटी ती पाचच अँप्युल्स देईल आणि रुग्णवाहिकेत त्या स्त्रीला पुन्हा झटका येईल. लोडिंग डोस म्हणतात तो हाच. नुसते पुढचे नेहमीचे डोस देत राहिले तर पातळी स्थिर व्हायला चार-पाच हाफ-लाइफ लागतात, आणि झटके तेवढा वेळ थांबत नाहीत.

रुग्णालयातही गोष्ट फारशी वेगळी नाही. प्रिचर्ड पद्धतीत शिरेतून 4 ग्रॅम आणि स्नायूंत 10 ग्रॅम दिल्यानंतर दर चार तासांनी 5 ग्रॅम, एकदा उजव्या आणि एकदा डाव्या नितंबात, असे चालते. आपल्याकडच्या स्त्रियांचे कमी वजन लक्षात घेऊन कमी मात्रेच्या पद्धतीही पुढे आल्या, आणि त्यातली एक धुळ्याच्या नावाने ओळखली जाते. पद्धत कोणतीही असो, प्रत्येक पुढच्या डोसआधी तीन गोष्टी पाहायच्या असतात : नी जर्क (गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडणे) मिळतो का, श्वास मिनिटाला किमान 16 आहेत का, आणि लघवी तासाला किमान 30 मिली होते आहे का. तिन्ही पाहणारी व्यक्ती सिस्टरच असते. आता यातली लघवी का पाहायची, हे हाफ-लाइफशिवाय समजावून दाखवा. मॅग्नेशियम शरीराबाहेर जाते ते जवळजवळ सगळे मूत्रपिंडातून. चार तासांचे अंतर ठरवताना असे गृहीत धरलेले असते की तेवढ्या वेळात मूत्रपिंडांनी आधीच्या डोसचा बराच भाग बाहेर टाकला असेल. लघवी कमी झाली, की हाफ-लाइफ लांबते आणि ते गृहीतकच कोसळते. उपचारासाठी लिटरला 4 ते 7 मिलिइक्विव्हॅलंट पातळी हवी असते. 10 च्या आसपास नी जर्क नाहीसा होतो, आणि 12 च्या पुढे श्वास थांबण्याचा धोका असतो. अशा वेळी जो डोस "वेळेवर" दिला जाईल, तो वेळेवर दिला म्हणूनच जीव घेईल.

याच उदाहरणात तुमच्या लोडिंग डोसच्या आक्षेपाचेही उत्तर आहे. पहिला मोठा डोस औषध शरीरात किती जागेत पसरते यावर ठरतो, आणि पुढचे डोस ते किती वेगाने बाहेर जाते यावर. म्हणून लघवी कमी असलेल्या स्त्रीलाही पहिला डोस पूर्ण द्यायचा असतो. थांबवायचे किंवा कमी करायचे असतात ते पुढचे. जी विद्यार्थिनी एवढे समजून घेते, ती दोन्ही बाजूंच्या चुकीतून वाचते.

मी अध्यापनात येण्यापूर्वी अनेक वर्षे प्रसूतिकक्षात स्टाफ नर्स म्हणून काम केले आहे, आणि हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका रात्री अशाच एका रुग्णाचा पुढचा डोस देण्याची वेळ झाली होती. चार तासांत पिशवीत जेमतेम 40 मिली लघवी जमली होती आणि नी जर्क मंद झाला होता. ऑर्डर लिहिलेली होती. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी "लिहिलं आहे ना, मग द्या" असे सांगितले. आमच्या वरिष्ठ सिस्टरने भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, मॅग्नेशियमवरचा उतारा असलेले कॅल्शियम ग्लुकोनेट बाहेर काढले, आणि वरिष्ठ डॉक्टरांना स्वतः फोन केला. ते आले, त्यांनी रुग्णाला तपासले आणि डोस थांबवला. त्या सिस्टरना आलेख काढता आला नसता, परंतु औषध साठत चालले आहे हे त्यांना कळत होते, आणि ते का साठते हेही सांगता येत होते. तुमच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी "एवढे पुरे" म्हणायला हवे होते. तसे त्यांनी म्हटले नाही, म्हणून ती बाई घरी गेली. माझ्या विद्यार्थिनींना हे गणित मी का शिकवते, असे कोणी विचारले की मी या सिस्टरांबद्दल सांगते. तुमच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. माझाही अनुभव आहे, आणि तो रुग्णाच्या खाटेशेजारचा आहे.

हे एकाच औषधापुरते आहे असे कोणी म्हणेल, म्हणून डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधाचेही सांगते. आठवड्यातले पाच दिवस गोळी आणि शनिवार-रविवार सुट्टी, ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि दर वर्षी कोणी तरी विद्यार्थिनी विचारतेच की हृदयाला रविवारी औषध लागत नाही का. मूत्रपिंडे नीट असताना डिजॉक्सिनचे हाफ-लाइफ 36 ते 48 तास असते. शुक्रवार सकाळपासून सोमवार सकाळपर्यंत 72 तास होतात, म्हणजे दीड ते दोन हाफ-लाइफ. शुक्रवारच्या पातळीच्या पाव ते एक तृतीयांश औषध सोमवारी शिल्लक असतेच. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णात हेच हाफ-लाइफ साडेतीन ते पाच दिवसांवर जाते. त्याच्यासाठी ती दोन दिवसांची सुट्टी एका हाफ-लाइफइतकीही नसते, निम्म्याहून अधिक औषध तसेच राहते, आणि सोमवारी त्यावर नवी गोळी पडते. गोळी देण्यापूर्वी पूर्ण मिनिटभर नाडी मोजा आणि ती 60 च्या खाली असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवा, हे विद्यार्थिनी पाठ करतातच. ज्या वृद्धाची क्रिएटिनिन वाढलेली आहे, म्हणजे मूत्रपिंडे मंदावली आहेत, त्याच्याकडे अधिक बारकाईने का पाहायचे, हे मात्र पाठ करून येत नाही.

आणि रक्ताचा नमुना कोण घेते? डिजॉक्सिनची पातळी तपासायची असेल तर नमुना गोळीनंतर किमान सहा तासांनी घ्यावा लागतो, कारण औषधाला रक्तातून ऊतींत उतरायला तेवढा वेळ लागतो. जेंटामायसिन या अँटिबायोटिकची किमान पातळी पुढच्या डोसच्या अगदी आधी घ्यावी लागते. सिस्टरने नमुना भलत्या वेळी घेतला, किंवा डोसची आणि नमुन्याची वेळ नोंदवली नाही, तर प्रयोगशाळेतून येणाऱ्या आकड्याला काही अर्थ उरत नाही, आणि त्या आकड्यावरून डोस ठरवणारे तुमचे डॉक्टर अंधारात निर्णय घेतात. भारतीय परिचर्या परिषदेने बीएस्सी नर्सिंगच्या औषधशास्त्रात शोषण, वितरण, विघटन आणि उत्सर्जन हे सगळे ठेवले आहे, ते विनाकारण नाही.

आणखी एक. "नर्सिंगच्या मुली" असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या वर्गात मुलगेही असतात, परंतु माझा आक्षेप तेवढ्यापुरता नाही. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांबद्दल लिहिताना तुम्ही "विद्यार्थी" लिहिता, "भावी डॉक्टर" लिहिता. इकडे मात्र "मुली" आणि "एवढे पुरे". असे वाक्य तुम्ही तुमच्या वर्गात, तुमच्या विद्यार्थ्यांसमोर, त्यांच्याविषयी उच्चारले असते का? मला तसे वाटत नाही. याच विद्यार्थिनी पुढे रात्रपाळीत तुमच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या ऑर्डर वाचतात, आणि त्यातली चूक रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी तिथे त्यांच्याशिवाय दुसरे कोणी नसते.

लोडिंग डोसबद्दलचा वरचा परिच्छेद मी मूळ लेखाला जोडणार आहे. फेनिटोईनवरचा लेख लिहून झाला, की त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली तर मी ती लक्षपूर्वक वाचीन आणि मजकुरातल्या प्रत्येक शंकेला उत्तर देईन. विद्यार्थ्यांच्या कुवतीबद्दल तिच्यात पुन्हा असे काही असेल, तर मात्र ती प्रसिद्ध होणार नाही.