साविन हा मृत्यूचा देव नव्हे
ऑक्टोबर उजाडला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर हमखास फिरू लागतो : हॅलोवीन हा ३१ ऑक्टोबरच्या रात्रीचा सण मुळात ‘साविन’ नावाच्या मृत्युदेवतेचा उत्सव होता आणि चर्चने तो बळकावून १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण ठेवला. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि एका समाजाच्या श्रद्धेविषयी असे काहीबाही पसरावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

साविन हे देवाचे नाव नाही. आयरिश भाषेत आजही नोव्हेंबर महिन्याला साविनच म्हणतात. डोंगरकुरणांवरची गुरे खाली आणायची, हिवाळाभर पोसवणार नाहीत ती कापायची, असा हा वर्षाचा सांधा होता. जुन्या आयरिश कथांत साविनच्या रात्री टेकड्यांच्या पोटातली अद्भुत लोकांची वस्ती उघडते, हे खरे. परंतु त्या कथा ख्रिस्ती मठांतल्या लेखनिकांनी लिहून ठेवल्या आहेत आणि मृतांच्या पूजेचा विधी त्यांत सापडत नाही.

राहिला बळकावण्याचा आरोप. खुद्द आयर्लंडमध्ये सर्व संतांचा सण पूर्वी २० एप्रिलला पाळला जात असे. १ नोव्हेंबर ही तारीख इंग्लंड आणि जर्मन मुलखात रुळली, आणि ८३५ मध्ये सम्राट लुई द पायस याने ती फ्रँकांच्या राज्यात, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीकडच्या मुलखात, सर्वत्र लागू केली. आयरिश सण हडपायचा असता तर सुरुवात आयर्लंडपासून झाली नसती का? पुढे १००० सालाच्या आसपास फ्रान्समधील क्लुनी मठाचे प्रमुख ओडिलो यांनी २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांच्या प्रार्थनेचा दिवस ठरवला. या दिवसांत मृतांची आठवण मध्यभागी आली ती मुख्यतः या वाटेने, असे माझे मत आहे.

आयरिश शेतकऱ्यांनी मात्र तिला आपल्या घराचे रूप दिले. त्या रात्री दाराला कडी घालायची नाही, चुलीतला विस्तव विझू द्यायचा नाही आणि गेलेल्या माणसांसाठी बसायची जागा मांडून ठेवायची. मेयो परगण्यातल्या टर्लो येथील संग्रहालयात डोनेगलमधल्या, हॅलोवीनसाठी सलगम कोरून केलेल्या एका कंदिलाची प्रतिकृती आहे : खोल डोळे, मोजके दात, सुरकुतलेला चेहरा. सलगमच्या जागी भोपळा आला तो नंतर, अमेरिकेत.

पितृपक्षाशी याचा उगम जोडण्याचा मोहही आवरायला हवा. आपले श्राद्ध तिथीवर चालते आणि त्याची परंपरा सर्वस्वी वेगळी आहे. आपल्याकडे ओडिलोंच्या दिवसाशी खरे नाते आहे ते वसईचे आणि गोव्याचे, कारण पोर्तुगीजांबरोबर तो तिथे आला. एका २ नोव्हेंबरला मी मैत्रिणीबरोबर वसईतल्या दफनभूमीत गेले होते. तिच्या आईने आधी चमच्याने कबरीवरचे जुने मेण खरवडून काढले, फडक्याने दगड पुसला, झेंडूची फुले मांडली आणि मगच नवी मेणबत्ती लावली.