'बंदी कुठे होती, नियमच तर लावले': टेक्ससच्या दवाखान्यांबद्दलचा एक दावा

अमेरिकेतल्या गर्भपाताच्या कायद्यांवर बोलणं निघालं की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो, आणि तो मांडणारे बऱ्याचदा शिकलेसवरलेले असतात. त्याचा गोषवारा असा: टेक्ससने 2013 मध्ये गर्भपातावर बंदी घातलीच नव्हती. बायकांच्या जिवासाठी दवाखान्यांना दर्जाचे नियम लावले. चांगले दवाखाने टिकले, कळकट होते ते बंद पडले. धंदा बुडाला म्हणून मालक कोर्टात गेले. आणि 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानेच त्यांना खोटं पाडलं.

ऐकायला सगळं रास्त वाटतं. खटल्याचे कागद समोर ठेवले की यातलं एकेक गळायला लागतं.

आधी नियम काय होते ते पाहू. 'हाऊस बिल 2' नावाच्या या कायद्यावर गव्हर्नर रिक पेरी यांनी जुलै 2013 मध्ये सही केली. त्याच्या आदल्या महिन्यात राज्याच्या सिनेटर वेंडी डेव्हिस अकराएक तास उभ्या राहून बोलल्या आणि त्यांनी हेच विधेयक एकदा अडवलं होतं. सुप्रीम कोर्टापर्यंत वाद गेला तो त्यातल्या दोन कलमांवर. पहिलं असं की, गर्भपात करणाऱ्या डॉक्टरकडे 30 मैलांच्या आतल्या एखाद्या हॉस्पिटलमध्ये स्वतःच्या नावावर पेशंट दाखल करण्याचा अधिकार हवा. दुसरं असं की, प्रत्येक दवाखाना बांधकामापासून नर्सच्या संख्येपर्यंत सर्जरी सेंटरच्या दर्जाचा हवा.

'बायकांच्या जिवासाठी.' मुख्य दावा हाच, म्हणून इथे जरा थांबू.

पेशंट दाखल करण्याचा अधिकार म्हणजे डॉक्टरच्या हुशारीचं प्रमाणपत्र असावं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बरीच हॉस्पिटलं तो अधिकार देताना विचारतात की वर्षाला किती पेशंट आमच्याकडे भरती कराल. गर्भपातानंतर भरती करायची वेळ फारच क्वचित येते. एल पासोच्या दवाखान्यात दहा वर्षांत 17 हजारांवर गर्भपात झाले आणि त्यातल्या एकाही बाईला तातडीने हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं नाही. म्हणजे काम जितकं सुरक्षित, तितका हा अधिकार मिळणं कठीण! मॅकॲलनच्या दवाखान्यातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञाला 38 वर्षांचा अनुभव होता, पंधरा हजारांच्या आसपास बाळंतपणं त्याने केली होती. आसपासच्या सात हॉस्पिटलांपैकी एकाकडूनही त्याला हा अधिकार मिळाला नाही. त्यातल्या एका हॉस्पिटलने तर लेखी कळवलं की या नकाराचा तुमच्या वैद्यकीय कौशल्याशी संबंध नाही.

आता सर्जरी सेंटरचं कलम. सुरुवातीच्या आठवड्यांतले बरेच गर्भपात गोळ्यांनी होतात. गोळी गिळायला बाईला ऑपरेशन थिएटरच्या दर्जाच्या इमारतीत यायला लावायचं, आणि त्रास झालाच तर तो होणार ती घरी पोहोचल्यावर. तिथे रुंद कॉरिडॉरचा काय उपयोग? सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या निकालपत्रात न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी तुलनाही दिली आहे. बाळंतपणात मृत्यूचा धोका गर्भपाताच्या 14 पट, आणि टेक्ससच्या कायद्याप्रमाणे सुईण घरी बाळंतपण करू शकते. कोलोनोस्कोपीत हा धोका दहापट, आणि ती साध्या दवाखान्यात चालते. शिवाय राज्यात आधीपासून असलेल्या सर्जरी सेंटरांपैकी सुमारे दोन तृतीयांशांना याच नियमांतून पूर्ण किंवा अंशतः सूट होती. गर्भपाताच्या एकाही दवाखान्याला ती नव्हती.

मार्च 2016 च्या सुनावणीतला एक प्रसंग तर सांगायलाच हवा. एल पासोचा दवाखाना बंद पडला तरी बिघडत नाही, कारण राज्याच्या सीमेपलीकडे न्यू मेक्सिकोत सांता टेरेसाला दवाखाना आहे, असा टेक्ससचा मुद्दा होता. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी तिथेच पकडलं: न्यू मेक्सिकोत हे दोन्ही नियम नाहीत. नियमाविना दवाखाना धोकादायक असेल, तर टेक्सस आपल्या बायकांना तिकडे जायला कसं सांगतं? त्याला धड उत्तर नव्हतं. या नियमामुळे एका तरी बाईला आधीपेक्षा चांगले उपचार मिळाले असते असं एक उदाहरण रेकॉर्डवर आहे का, असंही कोर्टाने विचारलं. टेक्ससला एकही देता आलं नाही.

'कळकट दवाखाने बंद पडले.' इथे फिलाडेल्फियातल्या कर्मिट गॉस्नेल या गर्भपात करणाऱ्या डॉक्टरचं नाव येतं. त्याचे प्रकार भयंकरच होते, 2013 मध्ये त्याला शिक्षाही झाली. पण तो जे करत होता ते आधीच्याच कायद्याने गुन्हा होतं. त्याच्याकडे पंधरा वर्षांहून जास्त काळ तपासणीला कोणी फिरकलंच नव्हतं. टेक्ससमध्ये वर्षातून निदान एक अचानक तपासणी नव्या कायद्याच्या आधीपासून होती. आपल्याला म्हैसाळ आठवेल. 2017 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या त्या गावात 19 भ्रूण पुरलेले सापडले. लिंगनिदानाविरुद्धचा कायदा तेव्हा वीस वर्षांहून जुना होता, आणि हे करणाऱ्या माणसाला गर्भपात करायची परवानगीच नव्हती. तिथे नियम कमी पडले असं कोण म्हणेल?

जाता जाता, 'आपल्याकडेही सोनोग्राफी केंद्रांवर कडक नियम आहेतच की' हा प्रश्नही येतो. आहेत, आणि ते असावेत असं मला वाटतं. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या. नियम कशासाठी, हे तो आकडा सांगतो. टेक्ससकडे असा कुठला आकडा होता?

बंद काय पडलं ते मात्र मोजलं गेलं. राज्यात चाळीसच्या आसपास दवाखाने होते. पहिलं कलम ऑक्टोबर 2013 अखेर लागू झालं आणि वीसच्या आसपास उरले. दुसरंही लागू झालं असतं तर सात-आठ. दवाखान्यापासून 200 मैलांहून लांब राहणाऱ्या, मूल होण्याच्या वयातल्या बायका दहा हजारांवरून 2 लाख 90 हजारांवर गेल्या. मॅकॲलनहून सॅन अँटोनिओ 235 मैल, म्हणजे 380 किलोमीटरच्या आसपास, आणि वाटेत फॅलफुरियसला बॉर्डर पेट्रोलचं, म्हणजे सीमा पोलिसांचं, नाकं. कागदपत्रं नसलेल्या बाईसाठी रस्ता तिथेच संपतो. हे सगळं अनवधानाने झालं म्हणावं, तर विधेयक चर्चेत असतानाच लेफ्टनंट गव्हर्नर डेव्हिड ड्यूहर्स्ट यांनी बंद होणाऱ्या दवाखान्यांचा नकाशा ट्विट करून लिहिलं होतं की आम्ही लढलो ते यासाठीच.

'धंद्यासाठी कोर्टात गेले.' खटल्यातली पहिली वादी व्होल वुमन्स हेल्थ, गर्भपाताचे दवाखाने चालवणारी संस्था. तिचं सॅन अँटोनिओतलं एक केंद्र आधीच सर्जरी सेंटर म्हणून नोंदलेलं होतं. निव्वळ धंदाच पाहायचा तर बाकीचे बंद पडू देणं सोयीचं होतं. दवाखान्यांनी आपल्या पेशंटच्या वतीने दावा लावण्याची पद्धत तिथे 1970 च्या दशकापासून रुळलेली होती. त्यामागचं कारण साधं होतं: गरोदरपण खटल्याच्या तारखांसाठी थांबत नाही, आणि स्वतःच्या नावाने असा दावा लावायला किती बायका धजावतील? बाकी डॉक्टर मंडळी कुठल्या बाजूला होती म्हणाल, तर अमेरिकन मेडिकल असोसिएशन आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना, दोघींनी या कायद्याच्या विरोधात कोर्टात म्हणणं मांडलं.

27 जून 2016 ला 5 विरुद्ध 3 मतांनी दोन्ही कलमं रद्द झाली. तोवर अर्ध्याअधिक दवाखान्यांच्या जागा गेल्या होत्या, माणसं पांगली होती. त्यातले बरेचसे पुन्हा उघडलेच नाहीत. हा निकाल जिंकूनही हरल्यासारखा होता, असं मला आजही वाटतं.

'2022 मध्ये खोटे ठरले.' लुईझियानाने पेशंट दाखल करण्याच्या अधिकाराचा जवळजवळ तसाच नियम केला होता. तोही 2020 मध्ये रद्द झाला. 2022 च्या डॉब्स निकालाचा विषय वेगळा होता: गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत आहे की नाही. बहुमताने नाही म्हटलं, आणि त्याबरोबर 2016 च्या निकालाची कायदेशीर बैठकही गेली. पण त्या नियमांनी बायकांचे जीव वाचले असते, असा पुरावा 2022 मध्येही कोणी आणला नाही. तो प्रश्न त्या खटल्यात नव्हताच. दोन महिन्यांनी, 25 ऑगस्टला, टेक्ससमध्ये जवळपास संपूर्ण बंदी लागू झाली. व्होल वुमन्स हेल्थने टेक्ससमधले आपले दवाखाने बंद केले आणि न्यू मेक्सिकोत, अल्बुकर्कीला, नवा सुरू केला.