आठ दिवसांचं काम

आपला आठवडा सात दिवसांचा, पण बोलावताना आपण म्हणतो, ‘आठ दिवसांनी या.’ दोन आठवड्यांचे होतात ‘पंधरा दिवस’. म्हणजे एखादा दिवस जास्तीचा धरायची खोड मुळात भाषेलाच आहे. हे आधी लक्षात आलं असतं, तर आमच्या मिस्त्रींचं ‘आठ दिवसांत देतो’ मी इतकं मनावर घेतलं नसतं.

साताऱ्याजवळ दोन गुंठे जागा, त्यावर एक मजली घर. २२ एप्रिल २०२३, अक्षय्य तृतीया, भूमिपूजन. नारळ फुटायच्या आधीच मी मिस्त्रींना एकेका कामाचे दिवस विचारून एक्सेलमध्ये तक्ता केला होता. (बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला हा आजार असतो.) जोतं वीस दिवस, कॉलम-स्लॅब दीड महिना, वीटकाम महिना, आणि असंच पुढे. बेरीज साडेपाच महिने. त्यात पदरचा एक महिना घातला, सावधगिरी म्हणून. मिस्त्री तक्ता बघून म्हणाले, “झकास. दिवाळीच्या पणत्या नव्या घरात लावा साहेब.”

जूनअखेर स्लॅब पडला, तोही तक्त्याबरहुकूम. त्या दिवशी वीस-बावीस माणसं, मिक्सरची घरघर, पाट्यांची साखळी आणि संध्याकाळी मटणाचं जेवण. मला वाटलं, जिंकलो. एका दिवसात एवढं होतं, तर उरलेलं काय मोठंसं!

नंतर कळलं की या सगळ्या कारभारात खरं बोलणारं एकटं काँक्रीट. त्याला आठ दिवस-पंधरा दिवस ठाऊक नाही. सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांश ताकद, अठ्ठाविसाव्या दिवशी ठरलेली. कुणाच्या जत्रेला जात नाही, मोबाइल बंद ठेवत नाही. स्लॅबवर आळी करून पाणी भरून ठेवा, आपला शब्द पाळतं.

टेकू निघाले आणि चौकटी बसवायची वेळ आली, तर आई म्हणाली, “अधिकात चौकट बसवायची नाही.” त्या वर्षी श्रावणच अधिक होता. १८ जुलै ते १६ ऑगस्ट. मी तक्त्यात एक महिना जादा धरला होता, तसा पंचांगानेही धरला होता. माझा त्याच्यात गेला.

मग गणपती. मग पितृपक्ष. मग माणसं सुगीला गावी गेली. दिवाळीला आम्ही पणत्या नव्या घरात लावल्या, हे मात्र खरं. दाराला दारं नव्हती, त्यामुळे वाऱ्याने दोनदा विझल्या.

खरी गंमत गिलाव्याआधीची. इलेक्ट्रिशियनला झिऱ्या, म्हणजे भिंतीत वायरींसाठी खाचा, मारायला बोलावलं, तर तो म्हणाला, “आधी प्लंबरचे पाइप कुठून जातात ते बघू.” प्लंबर म्हणाला, “बाथरूमची टाइल कितीची ते ठरू द्या, नळ त्या हिशोबाने काढतो.” टाइलवाला म्हणाला, “गिलावा झाल्याशिवाय माप कसलं घेऊ?” आणि गिलाव्याचा गवंडी झिऱ्यांची वाट बघत वाळूच्या ढिगावर बसलेला. शेवटी मी चौघांनाही एकाच सकाळी चहाला बोलावलं. तिघं आले. न आलेल्याच्या नावावर तिघांनी सगळी दिरंगाई लिहिली आणि समाधानाने उठून गेले.

टाइल आल्या त्या दोन खोकी कमी. नंतर मागवलेल्या खोक्यांचा लॉट नंबर वेगळा, त्यामुळे रंग किंचित पिवळसर. आमच्या हॉलचा एक कोपरा कावीळ झाल्यासारखा दिसतो. तिथे आम्ही सोफा ठेवला आहे.

अर्थात सगळं खापर त्यांच्यावर फोडणं बरं नाही. ओटा बांधून झाल्यावर दोन इंच उंच हवा होता, हे आमच्या हिच्या लक्षात आलं. बांधलेली खिडकी फोडून पूर्वेला न्यायची कल्पना माझी. एकूण उशिरातले तीन-चार महिने तरी आमच्या घरचेच.

मेव्हणा एकदा धीर द्यायला म्हणाला, सिडनीचं ऑपेरा हाऊस १९६३ ला पुरं व्हायचं होतं, झालं १९७३ ला. मी ते मिस्त्रींना टोमणा म्हणून ऐकवलं आणि मोबाइलवर फोटोही दाखवला. त्यांनी तो मोठा करून नीट पाहिला. म्हणाले, “स्लॅब गोल घेतलाय साहेब. सेंट्रिंगलाच मरण. दहा वर्षं म्हणजे लवकर उरकलं.”

१२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याला, वास्तुशांत झाली. अठरा महिन्यांना दहा दिवस कमी. पत्रिका वाटल्या म्हणून झाली, नाहीतर अजून रंगच चालला असता. जिन्याचं रेलिंग तेवढं राहिलं. ते आठ दिवसांत लावतो म्हणालेत.

परवा मिस्त्रींचा फोन आला. एक पार्टी आपलं घर बघायला येणार आहे, काम किती दिवसांत झालं ते जरा सांगा. मी विचारात पडलो. खरं सांगावं तर मिस्त्री रागावणार, रेलिंग गेलं. खोटं सांगावं तर त्यांना ते काम मिळणार, ते तिकडे गुंतणार, तरी रेलिंग गेलंच.

पार्टी आली. तरुण जोडपं होतं. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. तक्ता होता. साडेपाच महिन्यांचा. त्यात एक महिना त्याने स्वतःचा घातला होता.

“किती लागले हो काका?”

“आठ महिने,” मी म्हणालो, आणि जिना चढताना भिंतीच्या बाजूने चाला, एवढं सांगितलं.