उडवायचंच असेल तर पतंग उडवा

पक्षी नुसते बसलेले बघायला लोकांचं काय अडतं? सगळं उडतंच दिसलं पाहिजे का? आज सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबलचक आहे, पण वाचा.

आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सपाटीवर चालायला सांगितलंय. विट्याहून खटाव तालुक्यातलं मायणी काही लांब नाही, म्हणून भल्या सकाळी तिथल्या तलावावर गेलो. चढ नाही, पायऱ्या नाहीत, कुणाची घाई नाही. पाणी डाव्या हाताला ठेवून सावकाश चालत राहायचं, दमलं की टेकायचं. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांना कळेल, अशी वाट मिळणं म्हणजे काय ते.

कडेच्या उथळ पाण्यात थापट्या बदकं चरत होती. फावड्यासारखी रुंद चोच पाण्याला लावून एकामागोमाग गोल गोल फिरत होती. पुढचीनं ढवळलेलं पाणी मागची गाळून खात होती. त्यांच्या पलीकडे चिखलावर तांबूस रंगाची एक जोडी स्वस्थ बसलेली. मी म्हटलं, "आत्या, चक्रवाक." त्या जागच्या जागी थांबल्या. "ह्येच व्हय गं ते? बुवा कीर्तनात सांगायचं, रातीला नर एका काठाला नि मादी दुसऱ्या काठाला." आयुष्यभर ऐकलेला पक्षी त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला. पदर सावरून अशा उभ्या राहिल्या, जणू देवळात आल्यात.

आणि धप्पकन दगड पडला.

जोडी उडाली, थापट्या उडाल्या, लांबचे शेकाटे पक्षीसुद्धा ओरडत उठले. मागं वळून बघितलं तर चार-पाच जण, मोबाईल वर धरलेले, गाडीत गाणी चालू. मी विचारलं, "दगड का मारला रे?" तर म्हणे, "मावशी, नुसती बसलीत, काहीच करंनात. उडाल्याशिवाय व्हिडिओ चालत नाही."

काहीच करत नाहीत! अरे बाबा, चक्रवाक जास्त करून रात्री चरतो आणि दिवसा विसावतो. त्याचं ते बसणं हेच त्याचं काम आहे. लडाख, तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो तो. साडेसहा हजार मीटरहून उंच उडाल्याची नोंद आहे त्याची. उन्हाळ्याच्या तोंडाला तेवढंच अंतर परत कापायचंय, ते इथं खाल्लेल्या चार घासांवर आणि इथं घेतलेल्या विश्रांतीवर. तुमच्या पंधरा सेकंदांसाठी त्याची चरबी जाळायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

तो मुलगा फार तर सतरा-अठराचा असेल. त्याचा राग आता लिहिता लिहिता जरा उतरलाय. त्याला कुणी कधी इथं आणून दाखवलंच नसेल. शाळेची सहल निघते ती महाबळेश्वरला नाहीतर वॉटर पार्कला. २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन असतो, १९७१ साली इराणमधल्या रामसरला करार झाला तो दिवस. आपल्याकडे त्या दिवशी किती मुलं चिखलाकाठी उभी असतात? त्या पोराला दोष देऊन सुटायचं नाही. पण त्याच्याबरोबर दोन मोठी माणसं होती, लेकराबाळांची, आणि ती हसत होती. त्यांना मात्र माफी नाही.

दुसरं असं की, मायणीचं नाव निघालं की कुणीतरी म्हणतंच, तिथं विकास व्हायला पाहिजे. बोटिंग आणा, लायटिंग करा, काठानं फरशी घाला. गावाला दोन पैसे मिळतील, हे मान्य. पण त्या चिखलात किडे, शंखशिंपले, शेवाळ आहे म्हणून पक्षी येतो. तुम्ही चिखल झाकलात की त्याचं ताट झाकलंत. २०२१ ला मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी या तलावांचं मिळून पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र झालं. राखीव कुणासाठी? आपल्यासाठी नव्हे ना! हे लोक पुढं पक्षी बघायला पाच-सहा तास गाडी हाणत नाशिककडच्या नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्यात जातात आणि तिथं कुजबुजत फिरतात. मग खटावातल्या पक्ष्यांनीच काय घोडं मारलंय?

हा दुष्काळी मुलूख. उपसा सिंचनाचं पाणी आलं, शिवारं हिरवी झाली, आनंदच आहे, माणसाला पाणी आधीच मिळालं पाहिजे. पण तलाव काठोकाठ भरला की उथळ जागा बुडते आणि रोहित (फ्लेमिंगो), शेकाट्या, तुतवार या पक्ष्यांना उभं राहायला कोपरा उरत नाही. म्हणूनच जेवढी दलदल शिल्लक आहे तेवढी तरी सोडा.

आत्या गाडीत बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "जोडी फुटली नसंल न्हवं?" मी नाही म्हटलं. दोन्ही एकाच दिशेला गेलेली मी पाहिली होती.

येत्या रविवारी परत जातोय. साडेसहाला विट्यातून निघू, गाडीत तिघांना जागा आहे. दुर्बीण माझ्याकडे आहे. मुलांना आणा, आई-वडिलांना आणा, भडक कपडे टाळा आणि स्पीकर घरी ठेवा. यायचं असेल तर खाली सांगा.