कठड्यापाशी कोपर

विझलेल्या ज्वालामुखीवर जाऊन माणूस पेटतो, याचा अनुभव मी परवाच जपानमधल्या हाकोदातेत घेतला.

डोंगर जेमतेम 334 मीटरचा. रोपवेच्या एका डब्यात सव्वाशे माणसं भरतात आणि तीन मिनिटांत माथ्यावर ओततात. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने शहराचे दिवे सगळ्यात छान दिसतात म्हणे. हे सगळ्या जगाने माझ्याआधी वाचलं होतं.

कठड्याशी एक जपानी आजोबा. कानटोपी, पुढ्यात ट्रायपॉड, बाजूला पिशवी आणि पिशवीपलीकडे आजींची राखीव जागा. आजी दुकानात. आपल्याकडे रुमाल टाकतात, यांनी ट्रायपॉड टाकला होता. मी जरा पुढे सरकलो की आजोबा कमरेत वाकून "सुमिमासेन", म्हणजे "माफ करा", म्हणत. वाकले की त्यांचं कोपर माझ्या बरगडीत. त्याबद्दल पुन्हा सुमिमासेन, पुन्हा कोपर. अहो, भांडायचं तर समोरचा निदान उद्धट तरी हवा ना!

"एकच फोटो काढू?" मी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"हो हो, अवश्य!" म्हणाले आणि तसूभरही हलले नाहीत. उलट हवेत बोट फिरवून शिकवणी सुरू. इकडे बंदर, तिकडे त्सुगारूची सामुद्रधुनी, मधे कंबर आवळलेलं शहर. हा डोंगर पूर्वी बेट होता, वाळू साचत गेली आणि जमिनीला चिकटला. लांब समुद्रात लुकलुकतात त्या स्क्विड पकडणाऱ्या बोटी. हे सगळं मी त्यांच्या पाठीवर कल्पून घेत होतो.

"आमचा तर सगळा सह्याद्रीच लाव्हाचा आहे," मी ठणकावलं.

आजोबा भारावले. वाकले. कोपर.

तेवढ्यात आजी आल्या. आता तरी सरकतील म्हणून मी पाय उचलला, तर आजोबांनी कॅमेराच माझ्या हातात दिला. दोघं कठड्याला टेकून हसत उभे राहिले. म्हणजे त्या जगप्रसिद्ध जागेवरून मी काढलेला एकमेव धड फोटो आज एका अनोळखी जोडप्याच्या घरी आहे, आणि त्यातही शहर दिसत नाही. माझ्या फोनमधल्या दिव्यांपुढे कानटोपी आलीय. ती कापावी तर सामुद्रधुनी जाते.

मेजी सम्राटाच्या काळात, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, लष्कराने या डोंगरावर तोफा बसवल्या. त्यानंतर थेट 1946 पर्यंत सामान्य माणसाला वर यायला मनाई, फोटो काढायलाही बंदी. जाण्याआधी हे वाचलं तेव्हा मला फार जुलमी वाटलं होतं. आता म्हणतो, परत आणा तो कायदा, निदान ट्रायपॉडपुरता. आणि टूरवाल्यांनी रोपवेचे पैसे वेगळे घेतले, त्याबद्दल तर मी अजून तोंडच उघडलेलं नाही.