‘सगळं बेस६४ करून पाठवा’ हा सल्ला कुठे कुठे फसतो

वेब डेव्हलपर मंडळींत एक सल्ला सतत फिरत असतो: “पासवर्ड असो, मराठी मजकूर असो की फोटो, बेस६४ करून पाठवा. डेटा सुरक्षित राहतो, अक्षरं बिघडत नाहीत, यूआरएलमधूनही बिनधास्त जातो.” बेस६४ म्हणजे कोणतेही बाइट ६४ साध्या अक्षर-चिन्हांत लिहायची पद्धत. या सल्ल्यातला एकही दावा जसाच्या तसा टिकत नाही.

सुरक्षिततेचं आधी. बेस६४ला एन्क्रिप्शनसारखी गुप्त किल्लीच नसते. स्ट्रिंग ज्याच्या हाती पडेल तो ती क्षणात उलगडतो. एचटीटीपीच्या बेसिक ऑथेंटिकेशनमध्ये युजरनेम-पासवर्ड बेस६४मध्येच जातात, म्हणून एन्क्रिप्शन करणाऱ्या एचटीटीपीएसशिवाय ते वापरायचं नसतं. नुसती सही केलेल्या जेडब्ल्यूटीचा (लॉगिनसारख्या कामांसाठी वापरायच्या टोकनचा) मधला, माहितीचा भागही कुणीही वाचू शकतो; सहीमुळे फक्त फेरफार पकडता येतो.

मजकुराचा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण इंग्रजी अक्षरांवर टेस्ट केला की तो खरा ठरतो. बेस६४ला अक्षरं कळत नाहीत, बाइट कळतात. बेस६४ करून देणाऱ्या ब्राउझरच्या बीटूए (btoa) फंक्शनला ‘म’ द्या, एरर येईल. २५५च्या पुढचा कोडपॉइंट (युनिकोडमधला अक्षराचा क्रमांक) ते घेतच नाही आणि ‘म’चा आहे २३५०. म्हणजे आधी अक्षरांचे बाइट करणाऱ्या टेक्स्टएन्कोडरने यूटीएफ-८ पद्धतीचे बाइट काढायला हवेत: २२४, १६४, १७४. मग बेस६४मध्ये त्यांची चार अक्षरं होतात. परतीच्या वाटेवर तर एररही येत नाही. बेस६४ उलगडणारं एटूबी (atob) फंक्शन हे तीन बाइट तीन सुटी अक्षरं म्हणून हातात देतं. बाइटांची पुन्हा अक्षरं करणारा टेक्स्टडिकोडर विसरलात तर ‘म’च्या जागी तीन भलतीच चिन्हं उमटतात, त्यातलं एक गोलातला ‘आर’. हीच स्ट्रिंग डेटाबेसमध्ये सेव्ह झाली की पुढे निस्तरत बसा.

यूआरएलबद्दल थोडक्यात: साध्या बेस६४मध्ये अधिक (+), तिरपी रेघ (/) आणि बरोबर (=) ही चिन्हं येतात. क्वेरी स्ट्रिंगमधला (यूआरएलच्या प्रश्नचिन्हानंतरच्या भागातला) अधिक बहुतेक ठिकाणी स्पेस म्हणून वाचला जातो. तोही प्रत्येक डेटात नसतो, त्यामुळे बग कधी दिसतो, कधी नाही. २००६च्या आरएफसी ४६४८ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजात यासाठी वजा आणि अंडरस्कोर वापरणारा वेगळा प्रकार दिलेला आहे, तो वापरा.

राहिला फोटो. तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणजे आकार साधारण ३३ टक्के फुगतो. ही सवय ईमेलची: मेल पोहोचवणारं एसएमटीपी मुळात ७ बिटांचं (म्हणजे १२७च्या पुढचे बाइट न नेणारं), म्हणून १९९२ साली आलेल्या एमआयएमई या मेलच्या मानकाने अटॅचमेंटसाठी बेस६४ घेतलं. एचटीटीपीची बॉडी कच्चे बाइट सुखरूप नेते, फाइल अपलोडच्या मल्टिपार्ट फॉर्मनेही फाइल तशीच जाते. डेटा मजकूर म्हणून पाठवायच्या जेसन (JSON) फॉरमॅटमध्ये मात्र बाइटांसाठी प्रकारच नाही. तिथे एखादी छोटी डिजिटल सही किंवा हॅश (डेटाचा छोटा ठसा) घालायचा असेल, तर बेस६४ खुशाल वापरा.