‘थिसिस तयार मिळतो’: एम.ई.बद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही आठवडे एक मेसेज पेडण्यापासून काणकोणापर्यंत, म्हणजे साऱ्या गोव्यात, फिरतो आहे. माझ्याकडे तो चार ग्रुपांवरून आला. मी तो पुसत गेले. शेवटी माझ्या थोरल्या भावानेच तो पाठवला आणि खाली विचारलं, ‘‘हें खरें गो, बाय?’’ त्याची मुलगी यंदा सिव्हिलमध्ये बी.ई. झाली. पुढे एम.ई., म्हणजे अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी, करावं की नोकरी धरावी, यावर त्यांच्या घरी रोज रात्री जेवताना बोलणं चालतं. आता त्या बोलण्यात हा मेसेज शिरला आहे, म्हणून लिहायला बसले.

मेसेजखाली ‘एक अनुभवी प्राध्यापक’ एवढीच सही आहे. मजकूर थोडक्यात असा: गेटशिवाय, म्हणजे अभियांत्रिकीच्या देशपातळीवरच्या प्रवेश-परीक्षेशिवाय, एम.ई.ला प्रवेशच मिळत नाही, पण गेट असलं की पदवी हातात पडेपर्यंत सरकार दरमहा पैसे देतं. पहिल्या वर्षाचे विषय सुटले की काम झालं, दुसरं वर्ष नावापुरतं. थिसिस तयार मिळतो. चोरी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणी दहा टक्क्यांच्या खाली आली की पुढे कोणी विचारत नाही. आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये दोन पेपर छापून आल्याशिवाय व्हायव्हा, म्हणजे थिसिसची तोंडी परीक्षा, होत नाही. आणि एवढी यातायात नको असेल तर पत्रद्वारा एम.टेक. करा, किंमत तीच.

मी मातीच्या विषयातच एम.ई. केलं आहे आणि आजही मातीच्याच चाचण्यांचं काम करते. मेसेजमधलं एकेक वाक्य घेते.

‘‘गेटशिवाय प्रवेश नाही, आणि गेट असलं की पदवीपर्यंत पैसे.’’

यात दोन वेगळ्या गोष्टी कालवल्या आहेत. कुंकळ्ळीच्या एनआयटीसारख्या संस्थेत एम.टेक.च्या जागा गेटच्या गुणांवर, सीसीएमटी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेशफेऱ्यांतून भरतात. तिथे गेट हवंच, असं धरून चाला. पण एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, मान्यता असलेल्या इतर महाविद्यालयांत गेटवाल्यांना आधी घेतात आणि उरलेल्या जागा गेट नसलेल्यांना देता येतात. नोकरीच्या ठिकाणाने पाठवलेल्या प्रायोजित उमेदवाराचीही वेगळी सोय असते. गेट नाही म्हणून कोणी अर्जच करायचा नाही, असं होऊ नये. आणि एकदा दिलेल्या गेटचे गुण निकालापासून तीन वर्षं चालतात, दर वर्षी नव्याने बसावं लागत नाही.

पैशांचं मात्र नीट समजून घ्या. एआयसीटीईची पदव्युत्तर शिष्यवृत्ती महिना १२,४०० रुपये आहे. ती प्रवेशाच्या वेळी वैध गेट असलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यालाच मिळते. मुदत २४ महिने किंवा अभ्यासक्रम संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल ते. पदवी लांबली तर शिष्यवृत्ती लांबत नाही. थिसिस रेंगाळला की पंचविसाव्या महिन्याचा खर्च घरातून करावा लागतो, हे भावाला मी पहिल्यांदा सांगितलं. त्या पैशांच्या बदल्यात आठवड्याचे काही तास महाविद्यालयाने दिलेलं शिकवण्याचं आणि संशोधनाचं काम करायचं असतं. बँक खातं विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावावर लागतं. आईबरोबरचं जॉइंट खातं चालत नाही. हे बारीक वाटतं, पण खातं बदलण्यात महिने जातात, म्हणून प्रवेशाच्या आधीच उघडून ठेवा.

‘‘पहिल्या वर्षाचे विषय सुटले की झालं.’’

एआयसीटीईने २०१८ साली पदव्युत्तर अभियांत्रिकीचा नमुना अभ्यासक्रम काढला. त्यात एकूण ६८ क्रेडिट, म्हणजे कामाच्या भारानुसार धरलेले एकक, आहेत. पहिल्या दोन सेमिस्टरला १८-१८, पुढच्या दोन सेमिस्टरला १६-१६. म्हणजे पहिलं वर्ष संपतं तेव्हा ३६ झालेले असतात आणि ३२ उरलेले असतात. त्या बत्तिसांतले २६ एकट्या डिझर्टेशनचे, म्हणजे थिसिसचे: तिसऱ्या सेमिस्टरला पहिल्या टप्प्याचे १०, चौथ्याला दुसऱ्या टप्प्याचे १६. तिसऱ्या सेमिस्टरला त्याच्याबरोबर आणखी दोन विषयही असतात. विद्यापीठागणिक हे आकडे थोडे इकडचे तिकडे होतात, पण घडण हीच.

त्या क्रेडिटांमागचे तास पाहा. पहिल्या टप्प्याला आठवड्याला २० तास धरले आहेत, दुसऱ्याला ३२. बत्तीस तास म्हणजे सोमवार ते शनिवार रोज पाच तासांहून जास्त, तेही एकाच कामासाठी. पहिल्या वर्षी रिसर्च मेथडॉलॉजीचा वेगळा पेपर असतो, तो या कामाच्या तयारीसाठी. आणि ऑडिट कोर्स म्हणून जे येतात, संशोधन-लेखनाचं इंग्रजी, आपत्ती व्यवस्थापन, राज्यघटना वगैरे, त्यांना क्रेडिट नसतं म्हणून मुलं ते सोडून देतात. क्रेडिट नसलं तरी ते पूर्ण करावेच लागतात.

‘‘थिसिस तयार मिळतो.’’

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

माझं काम खाजन जमिनीखालच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतजमिनीखालच्या, चिकणमातीवर होतं. मांडवीकाठची खाजनं गोव्यातल्या माणसाला वेगळी सांगायला नकोत: बांध, मानशी (पाण्याची दारं), भरतीचं पाणी, आणि पावसाळ्यात पिकणारं खारं भात. त्या जमिनीखाली कित्येक मीटर मऊ चिखल असतो. त्याच्यावर भराव टाकून रस्ता किंवा इमारत उभी केली तर ती किती खचेल आणि किती वर्षं खचत राहील, एवढाच माझा प्रश्न. माती नळीत जशीच्या तशी काढायची, दोन्ही तोंडं मेणाने बंद करायची. चुलतभावाच्या पिकअपमध्ये गोणपाटाच्या घड्यांवर नळ्या निजवून आणल्या, कारण वाटेत हादरली तर त्या मातीची घडण मोडते आणि पुढचा सगळा खटाटोप वाया जातो.

मग कन्सॉलिडेशन टेस्ट, म्हणजे वजनाखाली माती किती दबते त्याची चाचणी. पितळी कड्यात मातीची चकती, खाली-वर पाणी झिरपू देणारे दगड, वर वजन, आणि चकती किती दबली ते दाखवणारा डायल गेज. वजन टाकलं की घड्याळ सुरू. वाचन पाव मिनिटाला, मग एक मिनिटाला, सव्वादोनला, चारला, सव्वासहाला, नऊला, सव्वाबाराला, सोळाला. असं करत चोवीस तास. दुसऱ्या दिवशी वजन दुप्पट, आणि पुन्हा पाव मिनिटापासून सुरुवात. एका चकतीला आठवडा सहज जातो. माझ्या पहिल्या चकतीच्या चौथ्या दिवशी टेबलाला माझाच धक्का लागला आणि गेजचा काटा उडाला. चार दिवस गेले. मी तिथेच खाली बसून रडले आणि मग दुसरी नळी उघडली.

आता तयार थिसिसची गोष्ट. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने, कुठल्या महाविद्यालयातला ते सांगत नाही, परगावच्या एका दुकानातून थिसिस करून घेतला. बांधणी सुरेख, आलेख रंगीत, समानतेचा अहवाल नऊ टक्के. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिली वीस पानं उलटली, वाचनांच्या तक्त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘सव्वादोन मिनिटांनाच वाचन का घेतलंस? दोनला का नाही?’’

ज्याने ती चाचणी एकदाही स्वतः केली आहे, त्याला हे ठाऊक असतं. पाव, एक, सव्वादोन, चार, सव्वासहा यांची वर्गमुळं काढा: अर्धा, एक, दीड, दोन, अडीच. वेळेच्या वर्गमुळावर आलेख काढायचा असतो, आणि बिंदू सारख्या अंतरावर यावेत म्हणून ही वाचनं. टेलर यांची ही रीत मृद्‌शास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडते. त्या मुलाला उत्तर आलं नाही. मग कड्याचा व्यास विचारला, तोही आला नाही. व्हायव्हा तिथेच थांबली. मुलगा वाईट नव्हता. घरी अडचण होती, वेळ गेला होता, कोणीतरी त्याला सांगितलं होतं की असंच चालतं. म्हणजे या मेसेजसारखंच कोणीतरी. त्याच्या आईने दुकानाला दिलेले पैसे परत आले नाहीत.

‘दहा टक्क्यांखाली आलं की झालं’ हा समज यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीतून उचललेला आहे, पण अर्धाच. समानता १० टक्क्यांपर्यंत असेल तर किरकोळ मानून दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सुधारून पुन्हा सादर करायचं, त्याची मुदत सहा महिन्यांपर्यंत. ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करायला बंदी. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पदवी मिळाल्यावर चोरी सिद्ध झाली तरी पदवी काही काळ स्थगित ठेवता येते. संदर्भसूची, योग्य उल्लेख करून दिलेली अवतरणं, कायद्यांची नावं, प्रमाणित समीकरणं यांची मोजणी यात होत नाही, तेव्हा प्रामाणिक मुलांनी आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. सॉफ्टवेअर फक्त वाक्यं जुळतात का ते बघतं. वाचनं खरी आहेत का, हे ते सांगू शकत नाही. ते परीक्षक विचारतो. आणि गाईडलाही हे काम चोरीचं नाही असं लिहून द्यावं लागतं. त्यामुळे जो गाईड दर आठवड्याला वही मागतो, त्याच्यावर चिडू नका.

‘‘दोन पेपर छापल्याशिवाय व्हायव्हा नाही.’’

मास्टर्ससाठी असा देशभर लागू होणारा नियम नाही. गोंधळ बहुधा पीएच.डी.च्या जुन्या नियमांमुळे झाला असावा: यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत प्रबंध देण्यापूर्वी एक शोधनिबंध छापून येणं आणि परिषदांत दोन निबंध वाचणं बंधनकारक होतं. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.वरचंही ते बंधन काढलं. एखादं विद्यापीठ किंवा विभाग एम.ई.साठी आपली स्वतःची अट घालू शकतो, निबंध छापण्याची किंवा परिषदेत मांडण्याची. ती अट त्या अभ्यासक्रमाच्या ऑर्डिनन्समध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या लेखी नियमांत, लिहिलेली असते. फर्मागुडीचं गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय गोवा विद्यापीठाला जोडलेलं आहे, तेव्हा तिथे जाणाऱ्याने विद्यापीठाचं ऑर्डिनन्स आणि आपल्या शाखेची स्कीम वाचावी. त्यात नसेल तर कोणीही, वर्गातला सीनियर असो की मेसेजमधला प्राध्यापक, ती अट म्हणून सांगू शकत नाही.

आणि कृपा करून ‘तीन दिवसांत छापून देतो, फी भरा’ म्हणणाऱ्या जर्नलांना पैसे देऊ नका. त्यांच्या ईमेल दर आठवड्याला येतात. तीन दिवसांत कोणी निबंध वाचून तपासत नाही.

‘‘पत्रद्वारा एम.टेक., किंमत तीच.’’

३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर निकाल दिलेला आहे. प्रकरण ओडिशातल्या लिफ्ट इरिगेशन कॉर्पोरेशनमधल्या अभियंत्यांपासून सुरू झालं. नोकरीत असताना पत्रद्वारा बी.टेक. केलेल्यांची ती पदवी धरायची की नाही, एवढाच मूळ वाद. न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांच्या पत्रद्वारा अभियांत्रिकी पदव्या तपासल्या. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांना पुन्हा परीक्षेला बसायला लावलं, त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्द केल्या. पदवी दाखवून बढती मिळालेली माणसं होती ती, बायकापोरं असलेली. प्रयोगशाळेशिवाय अभियांत्रिकीची पदवी होत नाही, हे त्यांना त्या वयात ऐकावं लागलं. नोकरी सांभाळून, मान्यता घेतलेला अर्धवेळ अभ्यासक्रम करणं वेगळं. त्याला वर्ग असतात, प्रयोगशाळा असते, त्याची मान्यता तपासता येते. ज्या जाहिरातीत प्रयोगशाळेचा उल्लेखच नाही, तिच्याकडे वळूही नका.

भाचीला शिकवण्याच्या नोकरीत जायचं आहे. म्हणून तिच्यासाठी एवढं जास्त सांगितलं: अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं तर एआयसीटीईच्या नियमांनुसार बी.ई. आणि एम.ई. दोन्ही लागतात, आणि दोहोंपैकी एकात प्रथम वर्ग. तिचा बी.ई.ला आहे. एम.ई.ला विषय मनापासून निवड, वर्गाचं दडपण घेऊ नको, म्हटलं.

भावाला फोनवर हे सगळं सांगून झालं तेव्हा तो गप्प होता. मग विचारलं, ‘‘म्हणजे दोन वर्सां पुराय वतात?’’ हो, पूर्ण दोन वर्षं जातात, म्हटलं, आणि शेवटचे सहा महिने ती घरी जेवायला कधी येईल ते विचारू नको. येत्या रविवारी ती माझ्याकडे येते आहे. लॅबमध्ये एक चकती लावून ठेवणार आहे. सव्वादोन मिनिटांचं वाचन तिला घ्यायला लावीन.